हवा टर्बोची, माप इंधनाचे

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना चेलाडी फाट्याला उजवीकडे वळले की नसरापूरमार्गे वेल्ह्याचा आणि थोडे पुढे कापूरहोळला वळले की भोरचा रस्ता लागतो. भोरचा रस्ता पुढे नीरा-देवघर धरणाच्या कडेने जाऊन वरंध घाटातून महाडला उतरतो, तर वेल्ह्याकडे खानापूरहून येणारा दुसरा रस्ता पाबे घाटाची वळणे ओलांडून जातो. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले असले, तरी बोलण्यात जुनेच नाव रुळलेले आहे. या रस्त्यांवर टर्बोचार्जर असलेली वाहने मुख्यतः दोन प्रकारची दिसतात. एक म्हणजे पुणे जिल्ह्यातच चाकण आणि रांजणगाव येथे तयार होणाऱ्या व्हर्टस, स्लाव्हिया, कुशाक, नेक्सॉन यांसारख्या टर्बो पेट्रोल मोटारी, ज्यांपैकी काहींच्या संगणकातील आज्ञावली मालकांनी ‘रिमॅप’ करून घेतलेली असते. आणि दुसरा म्हणजे भात, दुधाचे कॅन, जनावरे किंवा वडापचे प्रवासी वाहणारे डिझेल पिकअप आणि जीप, ज्यांचे ‘डिझेल वाढवून घेणे’ हा गॅरेजमधील जुना परिपाठ आहे. पहिल्या प्रकारात इंजिनाला जादा हवा दिली जाते आणि तिच्या जोडीचे इंधन पोहोचेल असे गृहीत धरले जाते, तर दुसऱ्यात जादा इंधन दिले जाते आणि त्याच्या जोडीची हवा असेल असे मानले जाते. दोन्ही गृहीतके सपाट रस्त्यावर बराच काळ निभावतात, परंतु घाटातील चढ इंजिनाच्या कामाच्या ज्या कोपऱ्यावर भार टाकतो तो कोपरा जुळवणी करताना बहुधा तपासलेलाच नसतो.

टर्बोचार्जर हे मुळात हवा दाबून भरणारे यंत्र आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर एक पात्यांचे चाक फिरते, त्याच दांड्यावरील दुसरे चाक बाहेरची हवा ओढून दाबते, आणि ही दाबलेली, म्हणून तापलेली हवा इंटरकूलर या जाळीतून गार होऊन सिलिंडरमध्ये जाते. वातावरणाच्या दाबावर आणखी एक बार दाब चढवला, म्हणजेच एक बारचा ‘बूस्ट’ दिला, तर तापमान काबूत असेपर्यंत सिलिंडरमध्ये जवळजवळ दुप्पट प्राणवायू भरतो आणि तितकेच जास्त इंधन जाळता येते. भोरचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच असल्याने तेथील हवेचा दाब महाडपेक्षा साधारण सहा ते सात टक्के कमी असतो. टर्बो थोडा अधिक वेगाने फिरून ही तूट भरून काढतो, पण तसे करताना हवा आणखी तापते.

पेट्रोल इंजिनात या हवेच्या मानाने इंधनाचे माप फार काटेकोर असावे लागते. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, आणि हे आदर्श प्रमाण एक मानून प्रत्यक्ष प्रमाण त्याच्या किती पट आहे हे सांगणाऱ्या आकड्याला तंत्रज्ञ ‘लॅम्डा’ म्हणतात. लॅम्डा एकपेक्षा कमी असेल तर मिश्रणात इंधन जास्त, म्हणजे मिश्रण गडद. एकपेक्षा अधिक असेल तर ते फिके. शांतपणे चालणाऱ्या गाडीत लॅम्डा एकच्या आसपास ठेवला जातो, परंतु पूर्ण भार आणि पूर्ण बूस्ट असताना बहुतेक टर्बो पेट्रोल इंजिनांत तो ०.८० ते ०.८५ पर्यंत खाली आणतात. हे जादा इंधन मुख्यतः ताकदीसाठी नसते. ते बाष्प होताना उष्णता शोषून घेते आणि सिलिंडर, एक्झॉस्ट झडपा व टर्बोचे चाक यांचे तापमान आटोक्यात ठेवते. वाढीव बूस्टखाली मिश्रण फिके पडले की उरलेले मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच स्वतःहून भडकते, ज्याला ‘नॉकिंग’ म्हणतात, आणि हा प्रकार काही सेकंद जरी टिकला तरी पिस्टनच्या रिंगांमधील कडा तुटू शकतात. कमी इंधनाने इंजिन गार राहते असा एक समज गॅरेजमध्ये अजून आढळतो. पूर्ण भाराखालील टर्बो पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत तो अगदी उलटा आहे.

त्यामुळे ताकद वाढवण्याचा विचार इंधनाच्या हिशेबापासून सुरू व्हायला हवा. पूर्ण भारावर टर्बो पेट्रोल इंजिनाला एक किलोवॉट ताकद तासभर देण्यासाठी ढोबळमानाने ३४० ग्रॅम पेट्रोल लागते असे धरले, तर ११० किलोवॉटच्या, म्हणजे सुमारे १५० अश्वशक्तीच्या इंजिनाला तासाला साधारण ३७ किलो, म्हणजेच जवळजवळ ५० लिटर पेट्रोल लागेल. चार सिलिंडरांत ते वाटले की प्रत्येक इंजेक्टरच्या वाट्याला मिनिटाला सुमारे २०८ घनसेंटिमीटर येते. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी अतिसूक्ष्म झडप, आणि ती सतत उघडी ठेवता येत नाही. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर इंजिनाचे एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत संपते आणि त्यातील साधारण ८० टक्के वेळच ती भरवशाने उघडी ठेवता येते. या मर्यादेमुळे वरच्या इंजिनाला मिनिटाला २६० घनसेंटिमीटर क्षमतेचे इंजेक्टर लागतात, आणि ताकद दीडपट करायची असेल तर ३९० क्षमतेचे. मूळ इंजेक्टर तसेच ठेवून केवळ संगणकाला ‘अधिक वेळ उघड’ असे सांगितले, तर एका टप्प्यानंतर झडप मिटायलाच वेळ उरत नाही आणि त्यापुढे हवा वाढत जाते पण इंधन वाढत नाही.

इंधनाचा दाब वाढवून हाच प्रश्न सोडवण्याचा मोह होतो, कारण दाबाचा स्क्रू फिरवणे स्वस्त असते. परंतु इंजेक्टरमधून जाणारे इंधन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तीन बारचा दाब चार बार केला तरी प्रवाह जेमतेम १५ टक्क्यांनी वाढतो आणि पंपावरचा भार मात्र पूर्ण वाढतो. येथे आणखी एक बारकावा सुटून जातो. जुन्या पद्धतीच्या बहुबिंदू फवारणीत इंजेक्टर हवा आत येण्याच्या नळीत फवारतो, नेक्सॉनच्या १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनात हीच पद्धत आहे. या नळीत जेव्हा एक बार बूस्ट असतो, तेव्हा तेवढा दाब इंजेक्टरच्या तोंडावर उलट दिशेने काम करतो आणि इंधननळीत चार बार दाब असला तरी परिणामी तीनच बार उरतो. दाब नियंत्रित करणाऱ्या रेग्युलेटरला नळीतील बूस्टची खबर देणारी एक छोटी रबरी नळी जोडलेली असेल तर तो बूस्टइतकाच इंधनाचा दाब वाढवतो आणि फरक कायम राखतो. जिथे रेग्युलेटर टाकीतच बसवलेला असतो आणि ही नळी नसते, तिथे हा फरक संगणकाच्या हिशेबात वेगळा धरावा लागतो. नंतर टर्बो बसवलेल्या अनेक गाड्यांत इंजेक्टर मोठे असूनही वरच्या फेऱ्यांत मिश्रण फिके पडते, त्याचे कारण बऱ्याचदा एवढेच असते.

टाकीतील विजेचा पंप हा या साखळीतील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. त्याच्यावर छापलेली क्षमता ठरावीक दाब आणि ठरावीक व्होल्टेज यांवरची असते. दाब वाढला की तो कमी इंधन देतो आणि व्होल्टेज उतरले की आणखी कमी. घाटात एसी, दिवे आणि रेडिएटरचा पंखा एकाच वेळी चालू असताना जुन्या, बारीक वायरीतून पंपापर्यंत साडेतेराऐवजी बारा व्होल्ट पोहोचत असतील, तर कागदावर पुरेसा असलेला पंप प्रत्यक्षात अपुरा ठरतो. घाटाच्या वळणांमुळे यात भर पडते ती इंधनाच्या हेलकाव्यांची. टाकी पाव भरलेली असताना तीव्र चढावरच्या वळणात पेट्रोल एका कोपऱ्यात जमते, आणि पंपाभोवतीचे छोटे भांडे, जे कारखान्याच्या रचनेत मूळ प्रवाहाच्या हिशेबाने बनवलेले असते, दीडपट प्रवाह ओढणाऱ्या नव्या पंपाला क्षणभर पुरत नाही. पंप हवा ओढतो, दाब कोसळतो, आणि हे नेमके त्याच क्षणी घडते जेव्हा चालक वळण संपल्यावर ॲक्सिलरेटर दाबून पूर्ण बूस्ट मागत असतो.

चाकणमध्ये बांधल्या जाणाऱ्या मोटारींतील टीएसआय इंजिनांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये शेकडो बारच्या दाबाने फवारले जाते. टाकीतील पंप काही बार दाबाने इंधन पुढे पाठवतो आणि इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा दुसरा पंप त्याचा दाब शंभर पटींच्या घरात नेतो. फवारणीला मिळणारी वेळ येथे फार थोडी, हवा आत येण्याच्या आणि दाबली जाण्याच्या काळापुरती असते, आणि ६००० फेऱ्यांवर ती सहा-सात मिलिसेकंदांपलीकडे जात नाही. म्हणूनच अशा गाडीत मोठे इंजेक्टर बसवणे हा सोपा पर्याय नसतो आणि ‘स्टेज वन’ म्हणून विकली जाणारी केवळ आज्ञावलीतील जुळवणी उच्चदाब पंपाच्या मूळ क्षमतेच्या आतच राहायला हवी. पंप कमी पडत असल्याची खूण संगणकाच्या नोंदींत स्पष्ट दिसते: मागितलेला दाब आणि मिळालेला दाब या दोन रेषा वरच्या फेऱ्यांत एकमेकींपासून दूर जाऊ लागतात.

फोक्सवॅगनच्या भारतातील शर्यतींचा दाखला येथे उपयोगी आहे, कारण त्यांत एकाच घराण्याच्या इंजिनांची ताकद अधिकृतपणे वाढवलेली होती. २०१० साली सुरू झालेल्या पोलो कपमध्ये १.६ लिटर टीडीआय डिझेल इंजिन १३० अश्वशक्तीचे होते आणि २०१२ पासून १.४ लिटर टीएसआय पेट्रोल इंजिन १८० अश्वशक्तीचे आले, तर २०१३ मध्ये ग्राहकांसाठी आलेल्या पोलो जीटी टीएसआयचे १.२ लिटर इंजिन १०५ अश्वशक्तीवर ठेवलेले होते. शर्यतीचे इंजिन नेमून दिलेल्या इंधनावर, ठरावीक फेऱ्यांसाठी आणि वारंवार तपासणीखाली चालते. हजार रुपयांचे पेट्रोल कोणत्याही पंपावर भरून चाललेल्या गाडीला यांपैकी एकही सवलत नसते.

घाटाच्या संदर्भात सर्वांत मोठा गैरसमज ताकदीविषयी आहे. दीड टन वजनाची गाडी बाराला एक अशा चढावर ताशी ४० किलोमीटर वेगाने नेण्यासाठी प्रत्यक्षात सुमारे १६ किलोवॉट, म्हणजे वीस-एकवीस अश्वशक्ती पुरते. वरंध घाटात दीडशे अश्वशक्तीचा उपयोग करायला जागाच नाही. चालकाला जो ‘पिकअप’ हवा असतो तो म्हणजे दीड-दोन हजार फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क, इंजिनाच्या दांड्याला मिळणारा पीळ. रिमॅप करणारे हे ओळखून असल्याने खालच्या फेऱ्यांतच बूस्ट भरपूर चढवतात, आणि थेट फवारणीच्या छोट्या इंजिनांना नेमके हेच सर्वांत धोक्याचे असते. कमी फेऱ्या आणि जड भार असताना सिलिंडरच्या भिंतीवर पडलेल्या पेट्रोलमध्ये मिसळलेले इंजिन ऑईलचे थेंब ठिणगीच्याही आधी पेटू शकतात, आणि या ‘कमी वेगातील पूर्वज्वलना’चा एखादाच जबर झटका पिस्टन फोडायला पुरतो. इंधन गडद करून हा धोका पुरता टळत नाही. वरच्या गिअरमध्ये दीड हजार फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबण्याऐवजी एक गिअर खाली घेणे आणि जुळवणी करताना खालच्या फेऱ्यांतील टॉर्क मुद्दाम रोखून धरणे हाच त्यावरचा उपाय. ताकद मोजण्याच्या डायनो या रोलरवर गाडीची चाचणी दहा-पंधरा सेकंदांत, बाहेरून मोठ्या पंख्याचा वारा घालून होते. तिथे मिळालेला शिखराचा आकडा कितीही भरघोस असला, तरी उन्हाळ्याच्या दुपारी ताशी तीस किलोमीटरने चढताना इंटरकूलरवर पुरेसा वारा येत नसताना आणि प्रत्येक वळणानंतर बूस्ट नव्याने चढत असताना त्या इंजिनाचे काय होते हे तो सांगत नाही.

पिकअपच्या डिझेल इंजिनाचा हिशेब मात्र खरोखरच भाराचा आहे. एकूण तीन टन वजनाचे, सत्तर अश्वशक्तीचे वाहन त्याच चढावर ताशी ५० किलोमीटर वेगाने न्यायचे तर पंचावन्न ते साठ अश्वशक्ती सतत लागते. म्हणजे इंजिन आपल्या मर्यादेच्या काठावर मिनिटामागून मिनिटे काम करत राहते. डिझेल इंजिन पेट्रोलच्या उलट न्यायाने चालते. त्यात हवा नेहमीच गरजेपेक्षा जास्त असावी लागते, फिके मिश्रण त्याला गार ठेवते आणि लॅम्डा साधारण १.२ ते १.३ च्या खाली गेला की न जळलेला कार्बन काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडू लागतो. जुन्या जीप-पिकअपवरील यांत्रिक पंपाला इंधनाची कमाल मात्रा ठरवणारा एक स्क्रू असतो, आणि टर्बोच्या गाडीत त्याच पंपाच्या माथ्यावर पडदा असलेली एक डबी असते, जी बूस्ट चढल्याशिवाय पूर्ण इंधन सोडू देत नाही. ‘पंप वाढवणारा’ कारागीर बहुधा हा स्क्रू आत घेतो आणि डबीतील स्प्रिंग ढिली करतो. गाडी ओढायला लागते, मालक खूश होतो. पण चढावर एक्झॉस्टचे तापमान डिझेल टर्बोला झेपणाऱ्या सुमारे ८०० अंशांच्या वर जाऊ लागते आणि हे दाखवणारा काटा या गाड्यांच्या डॅशबोर्डवर नसतो. यांत्रिक डबीला केवळ बूस्ट समजतो, उंची समजत नाही. म्हणून महाडला बेताचा धूर सोडणारी गाडी घाटमाथ्यावर जास्त काळी होते. घाटातील काळ्या धुराला अनेक चालक ताकदीची खूण मानतात, पण प्रत्यक्षात ते वाया चाललेले डिझेल असते.

नंतरच्या कॉमन रेल पद्धतीत हे काम सुबक झाले, पण छेडछाडही अधिक नाजूक झाली. फियाट समूहात विकसित झालेली आणि बॉशने बाजारात आणलेली ही पद्धत प्रवासी मोटारीत प्रथम १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मध्ये आली. तिच्यात एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, हजार ते दोन हजार बार दाबाने डिझेल सतत साठवलेले असते आणि विजेचे इंजेक्टर ते एकाच आवर्तनात अनेक लहान फवाऱ्यांनी सोडतात. ऑनलाइन मिळणाऱ्या ‘ट्यूनिंग बॉक्स’मध्ये बहुधा एकच युक्ती असते: रेलमधील दाब मोजणाऱ्या सेन्सरचा खरा आकडा कमी करून संगणकाला कळवायचा, म्हणजे संगणक बिचारा दाब वाढवत राहतो. प्रत्यक्ष दाब किती झाला हे मग गाडीत कोणालाच ठाऊक नसते, इंजेक्टर लवकर झिजतात, आणि सुरक्षेसाठी ठेवलेली दाब सोडणारी झडप उघडली तर गाडी चढावरच बसते. या इंजेक्टरमधील फटी काही मायक्रॉनच्या असतात. नाशिकमध्ये बॉशचा कारखाना डिझेल इंजेक्टर आणि नोझल बनवतो, आणि त्याच प्रकारच्या अचूक भागांमध्ये पाणी शिरले तर ते काही किलोमीटरांत निकामी होऊ शकतात. म्हणून पावसाळ्यात कॅनमध्ये साठवलेले डिझेल ओतणाऱ्यांनी फिल्टरखालील पाणी काढण्याचा खटका सोडून पाहण्याची सवय ठेवणे कोणत्याही रिमॅपपेक्षा अधिक मोलाचे आहे.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत असा बदल करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा नियमांनंतर डिझेल मोटारींत काजळी अडवणारा फिल्टर आला, आणि इंधन वाढवलेल्या गाडीत तो लवकर तुंबत असल्याने तो काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला बेकायदेशीर तर आहेच, शिवाय मूळ जुळवणी चुकल्याची ती कबुलीही आहे. गाडीचे प्रदूषण मूल्यमापन आणि प्रकारमान्यता ज्या संस्थांकडून होते, त्यांत १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची एआरएआय अग्रगण्य आहे, आणि कंपनीने गाडीसाठी घेतलेली मान्यता तिच्या मूळ आज्ञावलीसह असते, नंतर चढवलेल्या आज्ञावलीला ती लागू होत नाही.

पेट्रोलच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत जमीनच सरकली आहे. नीरा खोऱ्यासह महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात तयार होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळलेले ई-२० इंधन २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर आले आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने आदर्श प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास उतरते, आणि तेवढ्याच हवेसाठी शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सात ते आठ टक्के जास्त इंधन फवारावे लागते. इथेनॉल नॉकिंगला अधिक विरोध करते आणि बाष्प होताना जास्त उष्णता शोषते, म्हणून ट्यूनिंग करणाऱ्याला ते आवडते. परंतु त्यामुळे आधीच ८० टक्क्यांवर उघडणारे इंजेक्टर ८६ टक्क्यांवर जातात. प्राणवायू मोजणाऱ्या सेन्सरच्या आधारे संगणक सामान्य प्रवासात ही तूट स्वतःहून भरतो आणि दीर्घकालीन दुरुस्ती म्हणून टक्केवारीत लक्षात ठेवतो. पूर्ण भाराखाली मात्र अनेक गाड्यांत तो केवळ साठवलेल्या आकड्यांवर चालतो आणि ते आकडे जुन्या इंधनाचे असू शकतात.

म्हणून बदललेल्या गाडीची तपासणी करणाऱ्याने ओबीडी या निदान-जोडणीतून किमान चार गोष्टींची नोंद एकाच वेळी घ्यावी: मागितलेला व मिळालेला इंधनदाब, इंजेक्टर उघडा राहण्याचा काळ, रुंद पट्ट्याच्या सेन्सरने मोजलेला लॅम्डा आणि नळीतील हवेचे तापमान. नोंद घेण्यासाठी घाटात शर्यत लावण्याची गरज नाही आणि सार्वजनिक रस्त्यावर तसे करूही नये. भरलेल्या गाडीने तिसऱ्या गिअरमध्ये, नेहमीच्या वेगाने, पाव टाकी पेट्रोलवर पाबे घाट किंवा महाडकडून वरंध घाट चढला तरी कमकुवत पंप स्वतःला उघडा पाडतो. चढाच्या शेवटच्या टप्प्यात मिळालेला दाब मागितलेल्या दाबाच्या खाली घसरत असेल, किंवा दीर्घकालीन दुरुस्ती दहा टक्क्यांच्या वर गेलेली असेल, तर कोणतीही नवी आज्ञावली चढवण्याआधी पंपाची वायर, फिल्टर, रेग्युलेटर आणि मग पंप या क्रमाने पाहावे, कारण वायर बदलायला काहीशे रुपये लागतात आणि पंप बदलायला काही हजार.